एक हजार ओहमचा रेझिस्टर आणि प्रकाशाचा वेग: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५

काम असं: विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं वर्णन करणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांत येणारे दोन स्थिरांक, एप्सिलॉन नॉट (विद्युतक्षेत्राचा) आणि म्यू नॉट (चुंबकीय क्षेत्राचा), टेबलावर वेगवेगळे मोजायचे. मग त्यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याचा व्यस्त. येणारा आकडा प्रकाशाचा वेग निघतो का ते पाहायचं. लेसर, आरसा, फोटोडायोड यांतलं काहीच वापरायचं नाही.

कल्पना जुनी आहे. १८५६ साली वेबर आणि कोलराउश यांनी लेडन जारमधला (भार साठवणारी काचेची बरणी, जुन्या काळचा कपॅसिटर) विद्युतभार दोन रीतींनी मोजला, एकदा स्थिर विद्युतबलावरून आणि एकदा गॅल्व्हानोमीटरमधून सोडून. दोन्ही एककांच्या गुणोत्तरातून सेकंदाला ३,१०,७४० किमी असा वेग निघाला. फिझोने १८४९ साली दातेरी चाकाने प्रकाशाचा वेग मोजला होता. मॅक्सवेलने १८६२ साली हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि प्रकाश विद्युतचुंबकीय असल्याचं अनुमान काढलं. आज आपण जी चार समीकरणं लिहितो ती मांडणी हेविसाइडची. मॅक्सवेलच्या १८६५ च्या निबंधात वीस समीकरणं होती.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की कुठलं उपकरण चालेल. मोजायचा स्थिरांक ज्याच्या पोटात आधीच भरलेला आहे ते बाद. चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल प्रोब बाद, कारण अनेकदा तो एखाद्या कॉइलच्या हिशोबी क्षेत्रात कॅलिब्रेट केलेला असतो, आणि त्या हिशोबात म्यू नॉट आलाच. टॅन्जन्ट गॅल्व्हानोमीटर बाद, कारण पृथ्वीच्या क्षेत्राचा आकडा बाहेरून आणावा लागतो. उरतात मीटरपट्टी, स्क्रूगेज, व्होल्टमीटर, फ्रीक्वेन्सी आणि एक रेझिस्टर. यात काम बसतं.

एक तांत्रिक बाब. २० मे २०१९ पूर्वी अँपिअरची व्याख्याच दोन समांतर तारांमधल्या बलावर होती, त्यामुळे म्यू नॉट व्याख्येनेच ठरलेला होता आणि तो ‘मोजणं’ म्हणजे आपला अँमीटर तपासणं. आता इलेक्ट्रॉनचा भार निश्चित धरलेला आहे, त्यामुळे म्यू नॉट खरोखरच मोजायची राशी झाली. गंमत अशी, की मीटरची व्याख्या १९८३ पासून प्रकाशवेगावरच आहे. काटेकोर पाहिलं तर हा प्रकल्प शेवटी स्टीलपट्टीचीच परीक्षा घेतो. चालेल.

१२ जून २०२५

आधी एप्सिलॉन नॉट, दोन समांतर चकत्यांच्या कपॅसिटरच्या धारकतेवरून. गार्ड रिंगशिवायचं (कडेचा परिणाम बाजूला काढणारी भोवतीची रिंग) वाचन मुद्दाम घेतलं, पुढे तुलनेला हवं म्हणून.

३०० मिमी व्यासाच्या, ६ मिमी जाडीच्या दोन अॅल्युमिनियम चकत्या. लेथवर दोन्हींना फेसिंग मारलं, कडेची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) तेलदगडाने काढली. मध्ये तीन ठिकाणी मायक्रोस्कोप स्लाइडचे १० × २५ मिमी तुकडे, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन. स्क्रूगेजवर जोडीची जाडी २.२९ मिमी.

क्षेत्रफळ ०.०७०६९ चौ. मी. सूत्राने २७३.३ पिकोफॅरड यायला हवेत. हातातल्या एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, धारकता आणि रोध मोजणारा) ३०३ आले, म्हणजे जवळपास ११ टक्के जास्त. हिशोब लागतो:

कडेबाहेर फुगणारं क्षेत्र. पातळ चकत्यांसाठी किर्खहॉफचं सूत्र इथे सुमारे ९.४ पिकोफॅरडची भर देतं.

काच. तीन तुकड्यांचं क्षेत्रफळ ७५० चौ. मिमी, एकूणच्या १.०६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण काचेचा परावैद्युतांक ७ च्या आसपास, त्यामुळे तेवढी जागा सातपट धारकता देते. भर सुमारे १७ पिकोफॅरड.

उरलेले तीनेक पिकोफॅरड वायरींचे.

शिवाय पावसाची हवा. काचेच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पापुद्रा बसतो आणि गळती करंट वाहतो. मीटरवर डिसिपेशनचा (गळतीत वाया जाणाऱ्या ऊर्जेचा) आकडा सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. स्पिरिटने पुसून हेअर ड्रायर मारला की खाली येतो, अर्ध्या तासात पुन्हा वर.

कडेचा भाग एकवेळ सूत्राने वजा करता येईल, काच आणि ओलावा नाही. गार्ड रिंग करायचीच.

२१ जून २०२५

गार्ड रिंगची रचना: वरची चकती दोन भागांत. मधली तबकडी २०० मिमी व्यासाची, भोवती रिंग, आतलं भोक २०१ मिमी, बाहेरचा व्यास ३००. दोन्हींच्या मध्ये अर्ध्या मिमीची फट. खालची चकती पूर्वीचीच. रिंग आणि तबकडी जवळजवळ एकाच व्होल्टेजवर ठेवायची, पण करंट फक्त तबकडीचा मोजायचा. फुगवटा रिंगच्या बाहेरच्या कडेला होतो आणि तबकडीखालचं क्षेत्र सरळ राहतं.

यात मिळणारा दुसरा फायदा जास्त मोलाचा: काचेचे तुकडे रिंगखाली ठेवता येतात. त्यांची धारकता, त्यांची गळती, सगळं रिंगमधून परस्पर ग्राउंडला जातं. पावसाचा प्रश्न मिटला.

करताना सांभाळायचं ते सपाटीचं. तबकडी आणि रिंग एका पातळीत हव्यात. १२ मिमी जाडीच्या काचेवर दोन्ही पालथ्या ठेवल्या, फटीत अर्ध्या मिमीच्या कार्डाच्या पट्ट्या घालून मध्य साधला, पाठीवर १० मिमीची अॅक्रिलिकची पाटी अरल्डाइटने चिकटवली आणि रात्रभर वजन ठेवलं. झटपट सुकणारा प्रकार वापरू नये. सुकताना तापतो, आकसतो आणि तबकडी उचलतो. अॅक्रिलिकमधून होणारी तबकडी ते रिंग गळती इथे निरुपद्रवी आहे. का, ते पुढच्या नोंदीत.

हिशोबात धरायची त्रिज्या म्हणजे तबकडीची त्रिज्या अधिक फटीचा निम्मा भाग, १००.२५ मिमी. क्षेत्रफळ ०.०३१५७३ चौ. मी. फटीवरचं क्षेत्र दोन्ही बाजूंना समसमान वाटलं जातं, म्हणून निम्मा. हे विसरलं तर क्षेत्रफळात अर्धा टक्का जातो.

२८ जून २०२५

एलसीआर मीटर बाजूला ठेवला. दोन्ही स्थिरांकांसाठी एकच जनरेटर, एकच व्होल्टमीटर आणि एकच रेझिस्टर वापरायचा.

रेझिस्टर १००० ओहम, मेटल फिल्म, ०.१ टक्का. जनरेटर १० किलोहर्ट्झ, साइन, सुमारे ३.५ व्होल्ट आरएमएस. जनरेटरची गरम बाजू (ग्राउंड नसलेलं टोक) खालच्या चकतीला. मधली तबकडी रेझिस्टरमधून ग्राउंडला. रिंग थेट ग्राउंडला. रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले १००० म्हणजे तबकडीकडे येणारा करंट.

तबकडी काटेकोरपणे ग्राउंडवर नाही, रेझिस्टरवरच्या व्होल्टेजएवढी वर आहे. पण ते जास्तीत जास्त दीड टक्का, आणि तेही ९० अंश कलांतराने, त्यामुळे मूल्यात फरक एक-दोन दशसहस्रांश. तबकडी आणि रिंग यांच्यातली धारकता (सुमारे ६७ पिकोफॅरड) आणि अॅक्रिलिकची गळती, दोन्ही रेझिस्टरला समांतर येतात. एक हजार ओहमपुढे त्यांना कोण विचारतो. कोअॅक्स केबल आणि मीटरचे मिळून २०० पिकोफॅरड धरले तरी १० किलोहर्ट्झला ते ८० किलोओहम. हाच रेझिस्टर १०० किलोओहमचा घेतला असता तर वाचन मोठं दिसलं असतं आणि पार चुकलं असतं.

व्होल्टमीटर साडेसहा आकडी बेंच मॉडेल. हातातले मल्टिमीटर एसीवर बहुधा ४०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झपर्यंतच भरवशाचे. १० किलोहर्ट्झला काय दाखवतील त्याचा नेम नाही.

अडचण रेंजची. मोठं व्होल्टेज १० व्होल्टच्या रेंजवर, लहान १०० मिलिव्होल्टच्या. दोन रेंजचा गेन नेमका जुळत नाही, आणि दोन्ही प्रयोगांत गुणोत्तर ‘लहान भागिले मोठं’ असंच आहे, त्यामुळे ही चूक गुणाकारात दुप्पट होते. ३९०० आणि १०० ओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी रेझिस्टरची जोडी) आधी डीसीवर तपासून घेतला: बरोबर चाळिसावा भाग. मग १० किलोहर्ट्झला ३.२०० व्होल्ट दिले. यायला हवेत ८०.०० मिलिव्होल्ट, आले ८०.१०. म्हणजे खालची रेंज ०.१२ टक्के जास्त दाखवते. पुढचे सगळे आकडे ही दुरुस्ती करून लिहिले आहेत.

३० जून २०२५

रिंगखाली तीन थप्प्या, १२० अंशांवर. थप्पीची जाडी सुट्या स्लाइडची बेरीज करून धरू नये. मध्ये हवा आणि धूळ अडकते. पूर्ण थप्पी स्क्रूगेजमध्ये धरून मोजली. खालच्या चकतीवर ३.५०० व्होल्ट.

१.१४ मिमी: ५२.५६ मिलिव्होल्ट, २३९.० पिकोफॅरड
२.२९ मिमी: २६.५० मिलिव्होल्ट, १२०.५ पिकोफॅरड
३.४४ मिमी: १७.७५ मिलिव्होल्ट, ८०.७ पिकोफॅरड
४.५९ मिमी: १३.३३ मिलिव्होल्ट, ६०.६ पिकोफॅरड

इथे आलेख कुठला काढायचा हा खरा प्रश्न. कॉलेजच्या जर्नलमध्ये धारकता विरुद्ध अंतराचा व्यस्त असा काढतात. भटकी धारकता हा मुख्य शत्रू असेल तर तो बरोबर, कारण ती छेदात (रेघ अक्षाला कापते तिथल्या आकड्यात) बाजूला पडते. गार्ड रिंगने भटकी धारकता संपवली. आता शत्रू म्हणजे अंतराची चूक: पृष्ठभागाचा बाक, तबकडी किंचित आत बसणं. ती चूक प्रत्येक अंतरात सारखीच मिसळते. म्हणून धारकतेचा व्यस्त विरुद्ध अंतर काढला. चढ निखळ राहतो आणि चूक छेदात दिसते.

चढावरून धारकता गुणिले अंतर २८०.२ पिकोफॅरड-मिमी. क्षेत्रफळाने भागून आणि हवेच्या १.०००६ ने दुरुस्त करून एप्सिलॉन नॉट = ८.८६९ पिकोफॅरड प्रति मीटर. मान्य मूल्य ८.८५४. छेदातून आलेली अंतराची चूक ०.०३३ मिमी, चिकटवताना तबकडी तेवढी वर राहिलेली दिसते. फक्त १.१४ मिमीचं एकच वाचन घेऊन भागाकार केला असता तर एप्सिलॉन नॉट जवळजवळ अडीच टक्के कमी आला असता.

तिरपेपणाची भीती त्या मानाने कमी. तबकडीच्या एका कडेला अंतर ०.१ मिमीने जास्त आणि समोरच्या कडेला तेवढंच कमी असलं तरी १ मिमी अंतराला धारकता पाव टक्काच वाढते, कारण फायदा-तोटा बराचसा फिटतो.

रेझिस्टरमधून जो करंट मोजला तो फटीत कुठल्याच तारेतून वाहत नाही. तिथे आहे फक्त बदलतं विद्युतक्षेत्र. एप्सिलॉन नॉट गुणिले विद्युत-फ्लक्सच्या (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) बदलाचा दर, म्हणजेच मॅक्सवेलने अँपिअरच्या नियमात घातलेली राशी, डिस्प्लेसमेंट करंट. ती काढून टाकली तर तरंगाचं समीकरण तयार होत नाही आणि दोन स्थिरांकांच्या गुणाकाराला वेगाचा अर्थच उरत नाही.

१२ जुलै २०२५

आता म्यू नॉटसाठी सॉलेनॉइड, म्हणजे पाइपवर गुंडाळलेली लांब कॉइल. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप, ९० सेंमी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून बावीस गेजची इनॅमल तार, पाऊण किलो. तांब्याचा व्यास ०.७११ मिमी, इनॅमलसकट ०.७८. एकाला एक चिकटून, एकच थर: १०२० वेढे, लांबी ७९८ मिमी. रोध ९ ओहमच्या जरा खाली.

पाइप गोल नसतो, तीन दशांश मिमीचा अंडाकृतीपणा असतोच. त्याची काळजी करू नये. लांब सॉलेनॉइडच्या मध्यावरचं क्षेत्र व्यासावर नाही, मीटरमागे किती वेढे यावर ठरतं. व्यास येतो तो फक्त टोकांच्या दुरुस्तीत, आणि ती सगळी मिळून ०.३२ टक्के. काळजी घ्यायची ती वेढ्यांच्या घनतेची. एखादा वेढा दुसऱ्यावर चढला की लांबी घटते आणि मोजणी फसते. दर शंभर वेढ्यांनी पातळ टेप लावून आकडा लिहावा, नंतर बोटाने चाचपून मोजण्यात अर्थ नाही. मीटरमागे १२७८.२ वेढे.

लोखंडी टेबलावर ठेवू नये. दोन लाकडी स्टुलांवर आडवं ठेवलं, कपाटापासून दूर.

१९ जुलै २०२५

सर्च कॉइलचा (सॉलेनॉइडच्या आत ठेवून त्याचं क्षेत्र मोजायची छोटी कॉइल) साचा लेथवर ४०.०० मिमीला टर्न केला. डेलरिनचा घेतला, नायलॉन स्वस्त मिळतो, पण हवेतलं पाणी पितो आणि पावसाळ्यात फुगतो. व्यासातली चूक क्षेत्रफळात दुप्पट होते, म्हणून इथे कंजुषी नको.

छत्तीस गेजची तार, इनॅमलसकट ०.२२ मिमी, २०० वेढे, ४४ मिमी लांबीत. क्षेत्रफळ तारेच्या मध्यापर्यंत धरायचं, म्हणजे व्यास ४०.२२ मिमी. साच्याचाच व्यास धरला तर १.१ टक्के जातात. टोकाच्या दोन्ही तारा मुळापासून पीळ घालून बाहेर काढल्या. त्यांच्यात १ चौ. सेंमीचा फास राहिला तरी २५४१ चौ. सेंमीच्या एकूण क्षेत्रफळात तो ०.०४ टक्केच.

जोडणी: जनरेटर, सॉलेनॉइड, तोच १००० ओहमचा रेझिस्टर, ग्राउंड. १० किलोहर्ट्झला रेझिस्टरवर ३.२०० व्होल्ट, म्हणजे ३.२०० मिलिअँपिअर. मध्यावरच्या सर्च कॉइलवर ८२.१७ मिलिव्होल्ट. म्युच्युअल इंडक्टन्स (एका कॉइलमधल्या बदलत्या करंटने दुसरीत किती व्होल्टेज येतं याचं माप) ४०८.७ मायक्रोहेन्री.

हा आकडा तसाच घ्यायचा नाही. वेढ्यावेढ्यांत धारकता असते. रेझोनन्सच्या (कॉइल आणि तिची धारकता मिळून जिथे सर्वात जोरात डोलतात त्या फ्रीक्वेन्सीच्या) खाली सॉलेनॉइडच्या तारेतला करंट रेझिस्टरमधल्या करंटपेक्षा किंचित जास्त असतो. सर्च कॉइल आणि केबलचंही तसंच. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, वर नेणाऱ्या, आणि फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढणाऱ्या. पाहा:

५ किलोहर्ट्झ: ४०७.९
१० किलोहर्ट्झ: ४०८.७
२० किलोहर्ट्झ: ४१२.२
४० किलोहर्ट्झ: ४२६.६

पहिली तीन वाचनं फ्रीक्वेन्सीच्या वर्गापुढे मांडून रेघ शून्यापर्यंत नेली: ४०७.६ मायक्रोहेन्री. चाळीसचं वाचन रेघेत धरलं नाही.

सर्च कॉइलच्या तारा उलटसुलट करून दोन्ही वाचनांची सरासरी घ्यावी. सॉलेनॉइडच्या गरम टोकाकडून धारकतेने येणारं व्होल्टेज त्यात उघडं पडतं. ते अडवायला कॉइलभोवती अॅल्युमिनियम फॉइल पूर्ण गुंडाळायचा मोह होतो. तसं केलं की फॉइल हा एक शॉर्ट झालेला वेढा बनतो आणि फॅरेडेचा नियम तिथेच वसूल होतो, वाचन घसरतं. लांबीच्या दिशेने फट ठेवली तरच फॉइल चालतो.

म्यू नॉट = १.२५९० मायक्रोहेन्री प्रति मीटर. मान्य मूल्य १.२५६६.

२२ जुलै २०२५

सर्च कॉइल सरकवून पाहिली. मध्यापासून २० सेंमीवर वाचन ०.४ टक्क्याने कमी, सॉलेनॉइडच्या तोंडाशी ४१.२ मिलिव्होल्ट, जवळपास निम्मं. निम्मा फ्लक्स संपला नाही. तोंडाशी पोहोचण्याआधीच वेढ्यांतून बाजूला बाहेर पडला. चुंबकीय फ्लक्सला सुरुवात नाही आणि शेवट नाही, हे मॅक्सवेलच्या चारांतलं एक समीकरण इथे फुकटात दिसतं.

कपॅसिटरच्या फटीतलं चुंबकीय क्षेत्र याच सर्च कॉइलने थेट मोजता येईल का? १२०.५ पिकोफॅरडला करंट २६ मायक्रोअँपिअर. १० सेंमी त्रिज्येवर क्षेत्र सुमारे ५० पिकोटेस्ला, आणि कॉइलवर एक मायक्रोव्होल्टही नाही. बाहेरच्या वायरीही तेवढंच क्षेत्र तयार करतात, पुन्हा त्यांना समरूपता नसते. लॉक-इन अँप्लिफायर (गोंगाटातून एकाच फ्रीक्वेन्सीचा बारीक सिग्नल वेचणारं उपकरण) आणि नेटकी समाक्ष जोडणी नसेल तर हात लावू नये. हा भाग बंद केला.

२ ऑगस्ट २०२५

गुणाकार: ८.८६९ पिकोफॅरड प्रति मीटर, १.२५९० मायक्रोहेन्री प्रति मीटर. वर्गमुळाचा व्यस्त सेकंदाला २,९९,३०० किमी. खरा आकडा २,९९,७९२.४५८. फरक ०.१७ टक्के.

उरलेल्या चुकीत मोठा वाटा सर्च कॉइलच्या व्यासाचा. इनॅमलची जाडी आणि वेढ्यांचा ताण मिळून ०.०४ मिमी इकडेतिकडे, म्हणजे क्षेत्रफळात ०.२ टक्के. त्याखालोखाल स्क्रूगेजचा ०.०१ मिमीचा लघुतमांक. वेगात या चुका निम्म्याच उतरतात, वर्गमुळाची कृपा.

८ ऑगस्ट २०२५

एक चाचणी राहिली होती. धारकता मोजताना रेझिस्टर भागाकारात येतो, इंडक्टन्स मोजताना गुणाकारात. शेवटच्या गुणाकारात तो कटतो. व्होल्टमीटरचं सरसकट कॅलिब्रेशनही कटतं, कारण दोन्हीकडे व्होल्टेजची गुणोत्तरंच आहेत. उरतात फक्त लांब्या, वेढे आणि फ्रीक्वेन्सी. वेगाच्या एककात ओहम नाही, तेव्हा तो कुठेतरी गळून पडायलाच हवा.

हे तपासायला मेटल फिल्म काढून ५ टक्क्यांचा साधा कार्बन रेझिस्टर लावला. छापील मूल्य १०००, खरं मूल्य १०३१ ओहम. हिशोबात मुद्दाम १०००च धरले. एप्सिलॉन नॉट ९.१४ वर चढला, म्यू नॉट १.२२१ वर घसरला. दोन्ही ३ टक्क्यांनी बिघडले. वेग सेकंदाला २,९९,३०० किमीच, फरक पडला तर चौथ्या अंकात.

रेंजची ०.१२ टक्क्याची दुरुस्ती मात्र काढून पाहिली तेव्हा वेग तेवढाच, ०.१२ टक्के खाली गेला. ती कटत नाही. पुढच्या तुकडीने डिव्हायडरची तपासणी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला करावी, मीटर तासभर तापल्यावर. सर्च कॉइल दुसरी करायची तर साचा ६० नाही, ५० मिमीचाच घ्यावा. सॉलेनॉइडच्या पाइपचं आतलं माप पाहून हलका बसेल असा.